पहिली लाइन शरयूची

"इंटरनेट म्हणजे काय साखर आहे, शेजारून वाटीभर मागून आणायला?" विष्णुकाका फोनवर गरजले. "माझं मी करतो!"

"बाबा, प्लीज," पलीकडून अबोली म्हणाली. "प्रसादला फक्त हॉटस्पॉट ऑन करायला सांगा. ते दोघं जेवायला येणारच आहेत ना?"

"चाळीस वर्षं मी कॉम्प्युटरमध्ये काढली. अर्ध्या ओहायोचा विमा माझ्या प्रोग्रॅमवर चालत होता. आणि तू मला हॉटस्पॉट शिकवतेस?"

"तो मेनफ्रेम होता, बाबा."

"म्हणजे मोठा कॉम्प्युटर! हा तर लहान आहे!"

या युक्तिवादापुढे अबोलीचं काही चालेना. ती अ‍ॅशबर्नला तिच्या घरात अडकली होती, कारण बर्फामुळे तिचं विमान रद्द झालं होतं. इकडे ओहायोतल्या डब्लिनला विष्णुकाका त्यांच्या घरात अडकले होते, कारण शेजाऱ्याच्या कुंपणाचा खांब रोवणाऱ्याने तो खांब नेमका यांच्या इंटरनेटच्या केबलमध्ये रोवला होता. केबल कंपनी गुरुवारी येणार होती. आणि शरयूचं वर्षश्राद्ध आज होतं. तिथी काही गुरुवारपर्यंत थांबत नाही!

दुपारी एक वाजता पुण्याहून ओजस गुरुजी व्हिडिओवर येणार होते. तिकडे तेव्हा मध्यरात्र होत आलेली असणार, पण गुरुजींचे निम्मे यजमान अमेरिकेत. ते दिवसा झोपून घ्यायचे.

"आणि बाबा, आईची लाइन," अबोलीचा आवाज जरा मऊ झाला. "तुम्ही प्रॉमिस केलंय. आज श्राद्ध झालं की बंद करायची."

"हो."

"नक्की ना? आधी तेरावं झालं की म्हणालात. मग दिवाळी झाली की म्हणालात."

"हो म्हटलं ना!" असं म्हणून काकांनी फोन फट्‌कन मिटला. त्यांचा फोन मिटायचा होता. रागाने मिटता येत नाही तो फोन कसला, असं त्यांचं मत होतं.

शरयूला जाऊन वर्ष झालं, पण तिचा नंबर अजून चालू होता. त्यावर कुणी फोन करत नव्हतं. तिचा फोन ड्रॉवरमध्ये बॅटरी संपून पडला होता. अबोली म्हणायची, बाबा, लेट गो करायला शिका. काकांना यावर उत्तर सुचत नसे. जगातला तेवढा एकच नंबर त्यांना पाठ होता, हे काही उत्तर नव्हे. स्वतःचा नंबरसुद्धा त्यांना येत नव्हता. दुकानात कुणी विचारला, की शेजारी उभी असलेली शरयू सांगायची.

ती लाइन बंद करणं प्रसादच्या हातात होतं. त्याचं असं, की डब्लिनमध्ये मराठी माणसं एकेकटा फोन घेत नाहीत. दोन-तीन घरं मिळून फोन कंपनीकडे जातात आणि सांगतात, आम्ही एक कुटुंब आहोत! कंपनी म्हणते, बरं, हा घ्या फॅमिली प्लॅन. तसं विष्णुकाका, शरयू, आणि दहा मिनिटांवर राहणारे प्रसाद आणि विनीता हे कंपनीच्या दृष्टीने एकाच घरचे होते. प्रसादच्या फोनवर त्या प्लॅनचं अ‍ॅप होतं. त्यात एक बटण दाबलं की संपलं.

असो. आधी इंटरनेट.

काकांच्या लॅपटॉपच्या पोटात मोबाइल ब्रॉडबँडचं कार्ड होतं. त्यात फोनचं सिम घातलं की लॅपटॉप केबलशिवाय इंटरनेटला जोडला जाई. पूर्वी प्रवासात हे कार्ड गुमान चालायचं. पण मधल्या काळात लॅपटॉपच्या जुन्या सिस्टिमचं आयुष्य संपलं. कंपनीने सांगितलं, नवा लॅपटॉप घ्या. काका म्हणाले, घेतो कशाला? आणि त्यांनी गेल्याच आठवड्यात त्यावर लिनक्स टाकलं. स्वतः! सोफ्यावर बसून!

लिनक्स उत्तम चाललं. फक्त दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे, नव्या सिस्टिमने त्या कार्डाला ओळखच दिली नाही. दुसरी म्हणजे, टाकताना कुठली तरी कळ चुकून दाबली गेली आणि तेव्हापासून लॅपटॉप बोलायला लागला. पडद्यावर जे येईल ते मोठ्याने वाचायचा. आवाज बाईचा की बाप्याचा ते कळेना. रिकाम्या टाकीत तोंड घालून कुणी बोलावं, तसा. "विंडो," तो म्हणायचा. "बटण. बटण. रद्द." काकांनी तो बंद करायचा खूप प्रयत्न केला. मग राहू दिला. घरात तेवढंच कुणीतरी बोलत होतं.

तर, कार्ड चालायला ड्रायव्हर, म्हणजे त्याचा छोटा प्रोग्रॅम, हवा होता. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं होतं. इंटरनेटला कार्ड हवं होतं. विहिरीत पडलेला दोर काढायला त्याच दोराने विहिरीत उतरायचं, असा प्रकार! काकांनी आधी दारातला बर्फ उपसला, मग गाडी काढून लायब्ररी गाठली, तिथल्या पाटीप्रमाणे फोनचा आवाज बंद केला, ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेतला आणि घरी आले. ओला कोट काढून कपाटात टांगला. स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. शेजारी दर्भ, काळे तीळ आणि शरयूचा हार घातलेला फोटो.

ड्रायव्हर बसला. आता सिम. त्यांच्या मिटायच्या फोनच्या सिमवर इंटरनेटची सोयच नव्हती. शरयूचा फोन चार्ज करून वापरावा, तर त्याचं नेटवर्क एअरप्लेन मोडमध्ये बंद, आणि ते चालू करायला तो उघडेना, कारण तो फक्त तिच्या चेहऱ्याला उघडायचा. काकांनी थोडा विचार केला, आजूबाजूला कुणी नाही असं पाहिलं आणि हाराचा फोटो उचलून फोनपुढे धरला.

फोनने पाहिलं. आणि नाही म्हणून थरथरला.

"चष्मा नाहीये म्हणून असेल," काका पुटपुटले. फोटोत तिने चष्मा काढला होता. मग त्यांनी फोनच्या कडेच्या भोकात पिन खुपसली, तिचं सिम बाहेर काढलं आणि लॅपटॉपमध्ये सरकवलं.

"मोडेम सापडला," टाकीतला आवाज म्हणाला.

"शाब्बास!" काकांनी टेबलावर थाप मारली. तिळाची वाटी उडाली.

बाहेर दिवस असून नसल्यासारखा होता. आकाश, अंगण आणि मागचं तळं यांच्यात काही फरकच उरला नव्हता, सगळं एकाच खडूने रंगवलेलं. नेहमी बर्फ पडला की गाड्यांचा आवाज कमी होतो. आज तो मुळीच नव्हता. फ्रिजची घरघर थांबली, तेव्हा घरात इतकी शांतता झाली, की काका उगाचच खाकरले.

"जोडणी झाली," आवाज म्हणाला. आणि मग घंटी वाजली. टिंग. "नवा मेसेज."

काकांनी पाहिलं. पडद्याच्या वरच्या बाजूला एक चौकोन आला होता. या नव्या सिस्टिममध्ये कार्डावर मेसेजही येतात, हे त्यांना माहीत नव्हतं. आवाजाने तो मेसेज वाचला. मराठी, पण इंग्रजी अक्षरांतली, म्हणून प्रत्येक शब्द वेगळा, परक्या माणसाने खेचत उच्चारल्यासारखा.

"तू. कुठं. आहेस."

काका हलले नाहीत.

टिंग. "इथं. फार. बर्फ. आहे."

आता विष्णुकाका भुताखेतांवर विश्वास ठेवणारे नव्हते. त्यांनी आयुष्यभर कोबोल भाषेत प्रोग्रॅम लिहिले होते. कोबोलमध्ये भूत नसतं, चूक असते. पण आजच्या तिथीला, तिच्याच नंबरावर, हाराच्या फोटोपुढे हा मेसेज आल्यावर कोबोलवाल्याच्याही हाताचे केस उभे राहतात. मेसेज पाठवणाऱ्याचा नुसता नंबर दिसत होता. इथलाच, कोलंबसच्या बाजूचा. ओळखीचा नाही.

टिंग. "उशीर. झाला. जेवून. घे."

गुरुजींनी सांगितल्यामुळे काका सकाळपासून उपाशी होते. हे कुणाला ठाऊक?

टिंग. "दार. उघड."

काका उठले. पाय आपोआप दाराकडे गेले. कडी काढली, दार ओढलं. बाहेर कुणी नव्हतं. पायरीवर ताजा बर्फ, त्यावर एकही पाऊल नाही. थंड हवेचा एक झोत मात्र त्यांना ओलांडून सरळ आत गेला, पाहुण्यासारखा. मागे स्वयंपाकघरात काहीतरी खुडबुडलं.

फोटोवरचा हार घसरला होता. एवढंच.

"वाऱ्याने," काका मोठ्याने म्हणाले.

"वाऱ्याने" म्हणून दार लावलं, पण कडी घालायला त्यांचा हात धजेना. कुणी आत आलं असेल तर ते बंद होईल, कुणी यायचं असेल तर ते बाहेर राहील. दोन्हीही बरं दिसणार नाही! शेवटी त्यांनी दार नुसतं लोटलं आणि टेबलाशी येऊन बसले. पुरुष माणसाने अशा वेळी काय करायचं? विचारायचं. त्यांनी त्या अनोळखी नंबराला उत्तर टाइप केलं: *कोण आहे?*

पाठव दाबलं.

आणि घरात, भिंतीच्या आत, काहीतरी गुरगुरलं.

गुर्रर्र. गुर्रर्र. मग थांबलं.

कानांवर विश्वास बसेना, म्हणून काकांनी तोच मेसेज पुन्हा पाठवला. *कोण आहे?*

गुर्रर्र. गुर्रर्र.

आवाज कोटाच्या कपाटातून येत होता. गराजच्या दाराजवळचं कपाट. त्यात शरयूचे कोट अजून तसेच टांगलेले होते. जांभळा, तो तपकिरी केसाळ, आणि तो लांब काळा, जो घालून ती म्हणायची, मी अस्वलासारखी दिसते का हो? अबोलीने दोनदा ते कोट दान करायला पिशवीत भरले होते. काकांनी दोनदा परत टांगले होते.

हातात काही तरी हवं, म्हणून काकांनी पोळपाटाजवळचं लाटणं उचललं. मग त्यांना वाटलं, शरयूच असली तर लाटणं घेऊन जाणं बरं नव्हे. घरात आजवर लाटणं तिने उगारलं होतं, तेही गमतीत. त्यांनी ते खाली ठेवलं. कपाटाचं दार उघडलं. आत अंधार, आणि नॅप्थलीनच्या गोळ्यांमागे अगदी पुसट असा तिच्या तेलाचा वास. त्यांनी डोळे मिटून कोटांमध्ये हात घातला. जांभळा. केसाळ. काळा. आणि मग काहीतरी ओलं आणि गार हाताला लागलं!

काका ओरडले. ते काय ओरडले हे इथे लिहिण्यासारखं नाही.

तो त्यांचाच कोट होता, बर्फाने भिजलेला. खिशात त्यांचा फोन होता, लायब्ररीत आवाज बंद केलेला. त्यांनी तो उघडला. पडद्यावर लिहिलं होतं:

*शरयू: कोण आहे?*

खाली पुन्हा: *शरयू: कोण आहे?*

वर्षभरानंतर तिने विचारलं होतं. काकांच्या मनात काही आलंच नाही. लिनक्स नाही, सिम नाही, काही नाही. दारावर थाप मारल्यावर आतून तिने विचारावं, तसं ते होतं, आणि त्याला उत्तर एकच असतं. त्यांच्या अंगठ्याने ते टाइप केलं.

*मी.*

स्वयंपाकघरातून टिंग वाजलं. टाकीतला आवाज म्हणाला, "मी."

काका बूट घालायच्या बाकावर मट्‌कन बसले.

हळूहळू सगळं लक्षात आलं. इंडियन ग्रोसरीत गेलं की ती भाज्यांकडे जायची, हे डाळींकडे. मग मेसेज: तू कुठं आहेस? दोन्ही हातांत पिशव्या असल्या की गाडीतूनच: दार उघड. मंदिराच्या मीटिंगला वेळ लागला की: उशीर झाला, जेवून घे. वर्षभर त्यांचा अंगठा हे मेसेज पाठवत राहिला होता. दर वेळी डोक्याला न विचारता. माणूस जिना उतरताना कठड्याला हात लावतो, तसा. ते कुठे जातात, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. ते तिच्या नंबराच्या दाराशी रांग लावून उभे होते, आणि आज तिचं सिम चालू झाल्याबरोबर एकेक करून आत आले होते.

तो अनोळखी नंबर त्यांचा स्वतःचा होता.

काका हसले. मग बराच वेळ त्यांना हसू थांबवता येईना. मग ते हसू नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी केसाळ कोटाच्या बाहीला डोळे पुसले.

तेवढ्यात बाहेरून आवाज आले.

"मी आत येणार नाही!" ही विनीता.

"अगं यार, बावीस फॅरनहाइट आहे. खीर गोठेल!" हा प्रसाद.

"गोठू दे! तू हे बघ ना! काकूंची लाइन अ‍ॅक्टिव्ह! लोकेशन होम! प्रसाद, काकू घरात आहेत!"

काकांनी तो कोट हातात घेऊनच दार उघडलं. अंगणात विनीता खिरीचं पातेलं दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी होती आणि पातेल्याच्या झाकणावर प्रसादचा फोन होता. ब्राह्मण म्हणून प्रसाद आणि सवाष्ण म्हणून विनीता, असं आजचं जेवणाचं बोलावणं होतं. प्रसाद अर्ध्या पायरीवर होता. त्याने काकांचे लाल डोळे पाहिले, हातात धरलेली बायकी कोटाची बाही पाहिली, आणि तो एक पायरी मागे गेला.

"काका," तो शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाला, "घरात... कोण कोण आहे?"

"मीच आहे. दोन्हीकडून मीच आहे!"

याने कुणाचंच समाधान झालं नाही.

"या ना आत, सांगतो. अगं विनीता, भूत-बीत काही नाही—"

"टिंग," आतून आवाज आला. मागे राहिलेला एखादा मेसेज असावा. उघड्या दारातून, रिकाम्या घरातून, टाकीतला तो आवाज खणखणीत म्हणाला, "दार. उघड."

विनीताने किंकाळी फोडली आणि दोन्ही हात वर केले. दोन्ही हात वर केल्यावर पातेल्याचं जे होतं, तेच झालं. खीर बर्फावर पसरली. पांढऱ्यावर पांढरी! फक्त बेदाण्यांमुळे कुठवर गेली ते कळत होतं.

एक वाजायला थोडाच वेळ राहिला असताना सगळे टेबलाशी बसले. काकांनी सारा उलगडा केला. प्रसादने मान डोलावली. "हां, कंपनी मेसेज काही दिवस ठेवते, काका. फोन बंद असला तर. मग फेकून देते. म्हणजे हे फक्त लेटेस्ट आलेत."

"बाकीचे?" काकांनी विचारलं.

"गेले."

"हं," काका म्हणाले.

विनीताने खुर्ची फोटोपासून जरा लांब सरकवली. "काका, मी समजू शकते," ती म्हणाली. "पण तो आवाज आधी बंद करा. प्लीज."

"येत नाही गं."

एक वाजला. कार्ड झकास चाललं! पडद्यावर एका चौकोनात अबोली आली, दुसऱ्यात ओजस गुरुजी, उपरणं, भस्म आणि कानात इयरफोन. "पुण्यातून नमस्कार," त्यांनी जांभई गिळली. "काका, अपसव्य करा. जानवं उजव्या खांद्यावर. नाही, तुमचा उजवा. तुम्हाला माझा कॅमेरा उलटा दिसतोय."

पिंड झाले. तीळ-पाणी झालं. गुरुजी म्हणाले, "आता एक पिंड बाहेर ठेवा. कावळा शिवला की सांगा."

प्रसाद खिडकीतून बघत होता. "गुरुजी," तो चाचरत म्हणाला, "कावळा नाहीये. पण तळ्यावरच्या गीज आल्यात. ती मोठी बदकं असतात ना, कॅनडाची. सांडलेली खीर खातायत. बारा-पंधरा आहेत."

गुरुजींनी डोळे मिटले. पुण्याच्या त्या शांत रात्रीत त्यांनी बहुधा सगळी शास्त्रं चाळली. "आवडीने खातायत का?"

"भांडणं चाललीयत!"

"मग चालेल," गुरुजी म्हणाले. "देशकालाप्रमाणे घ्यायचं."

अबोली हसली आणि मग हसताहसता रडायला लागली. "बाबा," ती म्हणाली, "आईला खूप आवडलं असतं हे."

काका तिच्याकडे पाहत राहिले. मग खिडकीबाहेर. मग समोरच्या फोटोकडे. एकाएकी त्यांना वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. आणखी थोडा वेळ गेला, तर पुन्हा दिवाळी येईल आणि मग पुन्हा वर्षश्राद्ध.

"प्रसाद," ते म्हणाले. "काप ती लाइन."

"हो काका. पूजा संपली की लगेच—"

"आत्ता! नंतर माझ्याने होणार नाही. इथे दोन्हीकडून मीच बोलतोय, बघितलंस ना? काप."

"बाबा, आर यू शुअर?" अबोली म्हणाली.

"काप म्हणतो ना!"

प्रसादने फोन काढला. अ‍ॅप उघडलं. 'लाइन बंद करा.' त्याने काकांकडे पाहिलं. काकांनी डोळे मिटून होकारार्थी मान हलवली. त्याने बटण दाबलं. अ‍ॅपने विचारलं, नक्की का? त्याने पुन्हा दाबलं.

"आता विसर्जनाचा मंत्र," गुरुजी म्हणाले. "म्हणा, उत्ति—"

आणि गुरुजी थांबले. तोंड उघडं, हात वर, बोटांत तुळशीचं पान. अबोली रुमाल नाकाला लावून थिजली. त्या दोन चौकोनांत दोन माणसं मेणाची होऊन बसली.

"जोडणी तुटली," टाकीतला आवाज म्हणाला.

मग विनीता हळूच म्हणाली, "काका, इंटरनेट कुठल्या सिमवर चाललं होतं?"

चाळीस वर्षं कॉम्प्युटरमध्ये काढलेल्या माणसाने डोक्याला हात लावला.

"नो टेन्शन, माझा हॉटस्पॉट आहे ना!" प्रसादने फोन पाहिला. "अरे? माझं पण गेलं."

"माझंही," विनीता म्हणाली. तिचा आवाज पुन्हा चढायला लागला.

काकांनी आपला फोन उघडला. त्यावरही काही नव्हतं. चार नंबर, चारही गेलेले. बाहेर खीर संपली होती आणि गीज एका रांगेत उभ्या राहून खिडकीकडे बघत होत्या.

"ही काय भानगड आहे?" प्रसाद म्हणाला आणि त्याने फोन कंपनीचा नंबर फिरवला. लाइन गेली तरी कंपनीला मात्र फोन लागतो. बराच वेळ बासरी वाजल्यावर एका बाईचा गोड आवाज आला. प्रसादने स्पीकर लावला आणि इंग्रजीत सगळं सांगितलं.

"मी समजू शकते, सर," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही पहिली लाइन बंद केलीत. पहिली लाइन हीच अकाउंटची मालकीण. ती गेली, की कुटुंबातलं कुणीच राहत नाही."

प्रसादने कपाळावर हात मारला. "काकूंनीच घेतला होता प्लॅन! मला फक्त पासवर्ड दिला होता!"

"मी शरयू यांच्याशी बोलू शकते का?" बाईंनी विचारलं.

तिघांनीही फोटोकडे पाहिलं. का ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"ती वारली," काका म्हणाले. "वर्ष झालं."

"ओह. तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, सर." क्षणभर कळफलकाचा खडखडाट. "अकाउंट कायमचं बंद करायला त्यांनी स्वतः फोनवर येऊन हो म्हणणं आवश्यक आहे."

"बाई, ती वारली!"

"समजलं, सर. पण चालू करायला तसं लागत नाही. कुटुंबातलं कुणीही हो म्हणू शकतं. चालू करू का?"

तिकडे पुण्यात गुरुजी तुळशीचं पान धरून बसले होते. विसर्जन अर्धवट राहिलं होतं. प्रसाद काकांकडे बघत होता. विनीता काकांकडे बघत होती.

"करा," काका म्हणाले.

"धन्यवाद. एक सूचना आहे. पुन्हा सुरू केलेलं अकाउंट मालकिणीच्या संमतीशिवाय बंद करता येत नाही. त्यांनी आम्हाला फोन करायला हवा."

"त्या करणार नाहीत," प्रसाद म्हणाला.

"हरकत नाही, सर," बाई गोड आवाजात म्हणाल्या. "आम्ही वाट बघू."

फोन ठेवला. एकेक करून सगळ्यांच्या पडद्यांवरचे सिग्नलचे दांडे परत उभे राहिले. लॅपटॉप म्हणाला, "जोडणी झाली." अबोली हलली. गुरुजी हलले. आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत घंटी वाजली, आणि कंपनीचा मेसेज त्या घोगऱ्या, ना बाईच्या ना बाप्याच्या आवाजात सगळ्या घरभर घुमला.

"शरयू, परत आल्याबद्दल स्वागत! तुम्ही घरी आलात याचा आम्हाला आनंद आहे."

पुण्यात तुळशीचं पान गुरुजींच्या हातून पडलं.

"काका," ते अगदी हळू म्हणाले, "विसर्जन करायचं ना अजून?"

"करायचं, करायचं," काका घाईने म्हणाले. "करून टाका. त्याच्याशी याचा काही संबंध नाही."

गुरुजींनी विसर्जन केलं, पण नेहमीपेक्षा फार भरभर, आणि शेवटी नमस्कार न करताच ते निघून गेले. प्रसाद आणि विनीता जेवले. विनीताने ताट दाराच्या बाजूला ओढून घेतलं होतं, पण वडे चार खाल्ले.

पडद्यावर फक्त अबोली उरली होती.

"बाबा," तिने विचारलं, "मग लाइनचं काय?"

"कंपनी ऐकत नाही गं," विष्णुकाका म्हणाले. "आईने स्वतः फोन करायला पाहिजे म्हणते. नाइलाज आहे."

आणि त्यांनी चेहरा शक्य तितका दुःखी केला. वर्षभर तो आपोआप तसाच असायचा. आज पहिल्यांदा करावा लागला!